ज्या बंदरात थांबायचं नाही, त्याची बत्ती लांबूनच बघा

प्रति,
भूमध्य समुद्रात क्रूझ जहाजं फिरवणाऱ्या कंपन्यांचे मालक, त्यांचे कप्तान,
आणि मुंबई-पुण्यात बसून त्यांची तिकिटं विकणारे एजंट

सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने फोनवर एक पत्रक पाठवलं. त्याच्या लग्नाला यंदा पंचवीस वर्षं होतायत, बायकोला इटलीची क्रूझ दाखवायची आहे. खाली निरोप होता, 'मामा, तुम्ही बावीस वर्षं बोटीवर काढलीत, हे बरं आहे का बघा.'

पत्रक मराठीत होतं, चांगल्या गुळगुळीत मराठीत. आठ दिवस, सहा बंदरं, जैन जेवणाची सोय, शेवटच्या रात्री गाण्याचा कार्यक्रम. तिसऱ्या पानावर एका इटालियन बेटाच्या बंदराचा फोटो, धक्क्याच्या टोकाला लाल रंगाचा छोटासा दीपस्तंभ, आणि खाली ओळ: 'बेटाच्या इतक्या जवळून जाऊ, की हा चिमुकला दीपस्तंभ हात लांबवला तर हाताला लागेल!' पुढे बारीक अक्षरात, कंसात: जहाज या बंदरात थांबणार नाही.

वरची ओळ जाहिरातवाल्याची चमकोगिरी म्हणून एकवेळ सोडून दिली असती. त्या कंसामुळे हे पत्र लिहायला बसलो.

बेटाचं नाव पत्रकात कुठेच नाही. नसेना का. फोटो गिल्योचा आहे. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, तोस्कानाच्या समुद्रातलं ग्रॅनाइटचं बेट. ती लाल बत्ती मी ओळखतो, कारण तिच्या पायथ्याशी बसून मी पाव-चीज खाल्लंय.

मी मालवणचा. बाबा मच्छीमार होडीवर तांडेल होते. सिंधुदुर्गाच्या आजूबाजूला पाण्याखाली खडकच खडक. भरतीला दिसत नाहीत, ओहोटी लागली की दात काढतात. लहानपणी होडीतून बत्ती दिसली की मी ओरडायचो, बाबा जवळ चला, जवळ चला. बाबा सुकाणूवरचा हात न हलवता म्हणायचे, 'ज्या बंदरात नांगर टाकूचो नाय, तेची बत्ती लांबसूनच बघूची.' पुढे मी क्रूझवर रेस्टॉरंट खात्यात लागलो, ताटं उचलण्यापासून सुरुवात करून हेड वेटरच्या हाताखालचा पहिला माणूस झालो. ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, कधी पाऊल ठेवलं नाही. पण या एका बाबतीत बाबांना ब्रिजवरच्या सोनेरी पट्टीवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं, असं मी आजही म्हणतो.

बंदराची बत्ती शोभेची नसते, हे तुमच्या पत्रकवाल्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं. समुद्रातलं मोठं दीपगृह सगळ्यांसाठी असतं, येणाऱ्याला, जाणाऱ्याला, वाट चुकलेल्याला. गिल्योला तशी दोन आहेत, उत्तरेच्या टोकाला फेनायो आणि दक्षिणेला कापेल रोस्सो, दोन्ही १८८३ ची. त्याआधीचं एक दीपगृह मधल्या डोंगरावर होतं. ते ढगात बुडून जायचं म्हणून सोडून दिलं आणि खाली टोकांवर ही दोन उभी केली. म्हणजे कुठला दिवा कुठे आणि कुणासाठी, याचा विचार त्या बेटाने एकशे चाळीस वर्षांपूर्वी करून ठेवलाय.

धक्क्याच्या टोकावरची लहान बत्ती मात्र फक्त आत येणाऱ्याशी बोलते. आत शिरताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवी, दोघींच्या मधून या. आपल्याकडेही हाच नियम आहे. अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथे बरोबर उलट, आत येताना उजवीकडे लाल. (यावरून आमच्या क्रू मेसमध्ये एका फिलिपिनो आचाऱ्याशी माझी पैज लागली होती. दोघंही जिंकलो आणि दोघांनीही पैसे दिले नाहीत.) तेव्हा जो आत येणार नाही, त्याला ही बत्ती एकच गोष्ट सांगते, की इथे जमीन आहे, खडक आहेत, बाहेर राहा. आणि तुम्ही मराठी माणसाला तिकीट विकताय ते नेमकं याच्या उलट वागायचं.

आता १३ जानेवारी २०१२. तुम्हाला ती तारीख सांगावी लागू नये, पण पत्रक बघता सांगावी लागतेय.

कोस्ता कोंकोर्दिया ही क्रूझ बोट संध्याकाळी चिवितावेक्कियाहून सावोनाकडे निघाली होती. २९० मीटर लांब, १ लाख १४ हजार टनांची, आत ४,२२९ माणसं. गिल्योला तिला थांबायचं नव्हतं. तिला फक्त 'इन्किनो' करायचा होता. इन्किनो म्हणजे लवून नमस्कार: बेटाला खेटून जायचं, दिवे लखलखत ठेवायचे, भोंगा वाजवायचा. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्येही तसा नमस्कार झाला होता आणि सगळे खूश होते. या वेळी तो होता जहाजावरच्या मुख्य वेटरसाठी, कारण तो गिल्योचा. म्हणजे माझ्या खात्याचा माणूस. शिवाय एका निवृत्त कप्तानासाठी, ज्याचं बेटावर घर होतं. ते कप्तान त्या रात्री बेटावर नव्हतेच.

रात्री पावणेदहाला बंदराच्या दक्षिणेकडच्या ले स्कोले खडकांनी जहाजाची डावी बाजू फाडली. वेग ताशी पंधरा-सोळा सागरी मैल. इंजिनात पाणी, दिवे गेले. तशीच ती बंदराच्या तोंडासमोरून पुढे सरकली आणि मग वाऱ्याने तिला परत बेटाकडे ढकललं. बंदरापासून हाकेच्या अंतरावर, पुंता गाब्बियानारापाशी ती कलंडली. बंदरातल्या दोन्ही बत्त्या रोजच्यासारख्या चालू होत्या. माणसं आत असताना जहाज सोडलेल्या कप्तानाला 'परत जहाजावर जा' म्हणून किनाऱ्यावरून जे खडसावलं गेलं, त्यातली शिवी पुढे लोकांनी टी-शर्टवर छापून विकली. बत्तीस माणसं गेली. नंतर जहाज काढण्याच्या कामात एक स्पॅनिश पाणबुड्या गेला.

मी त्या रात्री दुसऱ्या जहाजावर होतो, कॅरिबियनमध्ये. मेसमधल्या टीव्हीवर बातमी आली तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो, पण बोललं कुणीच नाही. कारण प्रत्येकाने आपापल्या जहाजावर तो नमस्कार बघितलेला होता.

मीही बघितला होता. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या बेटापाशी. उन्हाळ्याची रात्र, रात्रीच्या जेवणाची दुसरी पाळी. माइकवरून सांगितलं की आता कप्तान तुम्हाला एक गंमत दाखवणार आहेत. अर्धी माणसं ताटं टाकून एका बाजूच्या खिडक्यांकडे पळाली. जहाज वळलं तसे माझ्या हातातल्या ट्रेवरचे वाईनचे सहा ग्लास एका कडेला सरकले. मी ट्रे पोटाशी धरला आणि खिडकीतून बघितलं: धक्क्याच्या टोकाला एक छोटी हिरवी बत्ती, तिच्याखाली गळ टाकून बसलेला माणूस. तो उठून मागे सरकला. आपल्या अंगावर इमारत चालून यावी तसा. आमचा भोंगा वाजला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ट्रे ठेवून मीही वाजवल्या.

म्हणून हे पत्र मी वरच्या पाटावर बसून लिहीत नाही. पण काही गोष्टी आता ऐकाव्याच लागतील.

पहिली गोष्ट, तुमच्या त्या ओळीचा हिशेब लागत नाही. मार्च २०१२ मध्ये इटली सरकारने आदेश काढला, की राष्ट्रीय उद्यानं आणि संरक्षित सागरी क्षेत्रांपासून दोन सागरी मैलांच्या आत ५०० ग्रॉस टनांहून मोठ्या जहाजांनी यायचं नाही. तोस्कानाच्या द्वीपसमूहाचं राष्ट्रीय उद्यान १९९६ पासून आहे आणि गिल्यो त्यात मोडतं. दोन सागरी मैल म्हणजे पावणेचार किलोमीटर. एवढ्या लांबून ती बत्ती दिवसा दुर्बिणीतूनसुद्धा टाचणीएवढी दिसेल. तेव्हा एक तर तुम्ही नियम मोडणार आहात, नाही तर नियम लागू नसलेल्या एखाद्या बेटाला खेटणार आहात, नाही तर यातलं काहीच न करता माझ्या भाच्याचे पैसे घेणार आहात. तिन्हीपैकी कुठलं ते तुम्हीच सांगा.

दुसरी गोष्ट, फोटो. त्या बंदरातल्या पाटीवर बत्तीस नावं कोरलेली आहेत. गिल्योचा फोटो लावायचा, बेटाचं नाव गाळायचं, आणि त्या बेटावर जे करून माणसं मेली तेच करून दाखवू म्हणायचं. छापणाऱ्याला हे माहीत नसेल, मान्य. फोटो कुठेतरी फुकट मिळाला असेल. पण पत्रक कंपनीच्या माणसाने वाचून मंजूर केलं असणार ना? त्याला तरी माहीत हवं होतं.

तिसरी गोष्ट जास्त मोठी आहे. कोंकोर्दियावर त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल, म्हणजे संकटात जहाज कसं सोडायचं त्याची कवायत, झालीच नव्हती. तेव्हाचा नियम होता चोवीस तासांच्या आत. त्यांच्या हातात तीन तासही नव्हते. पुढे नियम बदलला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता ड्रिल घ्यावी लागते. ते चांगलं झालं. मग कोविड आला, गर्दी नको म्हणून व्हिडिओ फोनवर गेला, आणि कोविड गेला तरी व्हिडिओ बऱ्याच ठिकाणी राहिला. तुमच्या पत्रकात तर ते सुख म्हणून छापलंय: 'कंटाळवाण्या कवायतीतून सुटका, सुरक्षा माहिती मोबाइलवर.' माझ्या शेवटच्या कंत्राटातल्या जहाजावर, कोविडच्या आधी, जुनी ड्रिल होती. भोंगा व्हायचा, सात आखूड आणि एक लांब, माणसं कुरकुरत डेकवर यायची, आम्ही प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा हाताने ओढून बघायचो. सत्तर वर्षांच्या बाईंना तो पट्टा पाठीमागून पुढे आणता येत नसे. तेव्हा कळायचं, की संकटात हिच्याजवळ एक माणूस उभा लागेल. व्हिडिओला ते कळत नाही. धाकट्या पुतण्याने गेल्या वर्षी क्रूझ केली. तो सांगतो, मस्टरच्या, म्हणजे संकटात जमायच्या, जागी गेलो, कार्ड टेकवलं, टुंग वाजलं, परत बारकडे आलो. जॅकेट कपाटात कुठल्या खणात आहे ते त्याला शेवटच्या दिवशी बॅग भरताना दिसलं.

चौथी गोष्ट आमची, म्हणजे ताटं उचलणाऱ्यांची. कोंकोर्दियावर भारतीय क्रू दोनशेच्या आसपास होता. आचारी, वेटर, केबिनवाले. जहाज आडवं होत असताना प्रवाशांना जीवरक्षक होड्यांकडे नेणारे बहुतेक असलेच लोक होते, कारण कुठली होडी कुणी सांभाळायची त्या यादीत आमचीच नावं असतात. हे प्रवाशाला तिकीट घेताना कुणी सांगत नाही. पाटीवरच्या बत्तीस नावांत एक मुंबईच्या वेटरचं आहे. नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांनी पुरेसं सोसलंय. सगळे सापडले तरी तो सापडत नव्हता. सप्टेंबर २०१३ मध्ये एकोणीस तास लावून जहाज सरळ उभं केलं, तेव्हा नाही. जुलै २०१४ मध्ये ते ओढून जेनोव्हाला नेलं, तेव्हाही नाही. सापडला तो नोव्हेंबर २०१४ मध्ये, जेनोव्हातच, जहाज तोडायला घेतल्यावर. पावणेतीन वर्षांहून जास्त काळ त्याच्या भावाने गिल्योच्या फेऱ्या मारल्या, आणि बेटावरच्या लोकांनी त्याला घरचा मानला.

कप्तानाला सोळा वर्षांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये ती कायम झाली. कंपनी २०१३ मध्येच दहा लाख युरो दंड भरून फौजदारी खटल्यातून बाहेर पडली होती. कायद्याने जे झालं ते झालं, त्यावर मी बोलणार नाही. पण 'एकटा कप्तान वेडा होता' एवढ्यावर सगळ्यांनी हात झटकले, ते मला पटलेलं नाही. नमस्काराची प्रथा त्याने एकट्याने काढलेली नव्हती. टाळ्या वाजवणारे आम्ही हजारोंनी होतो, आणि टाळ्या पडतात म्हणून ती चालू होती. तुमचं पत्रक परत त्याच टाळ्या विकतंय.

दीपगृहाची हौस असू नये असं माझं म्हणणं नाही. मलाही आहे. इटली सरकार २०१५ पासून रिकामी पडलेली दीपगृहं पर्यटनासाठी पन्नास वर्षांपर्यंतच्या कराराने देतं, गिल्योचं कापेल रोस्सोही पहिल्या यादीत होतं. तुम्हाला बत्ती विकायचीच असेल तर अशी विका, जमिनीवरून.

तर आता काय हवंय ते सरळ लिहितो.

ती ओळ आणि तो फोटो पत्रकातून काढा, आणि त्या ओळीवर भुलून कुणी पैसे भरले असतील तर मागतील त्यांना पूर्ण परत करा, कॅन्सलेशनचे न कापता.

ज्या बंदरात जहाज थांबणार नाही, त्याच्यापासून दोन मैल लांब राहू, असं तिकिटाच्या अटींत छापा. इटलीत सांगितलंय म्हणून इटलीपुरतं नको, सगळीकडे. तुमच्या अटींची पुस्तिका चाळीस पानांची असते, एक ओळ मावेल. आणि प्रवास संपला की जहाज खरोखर कुठून गेलं त्याचा नकाशा प्रवाशाला द्या. जहाजाचा माग तुमच्याकडे सेकंदासेकंदाचा असतो. प्रवाशांच्या फोटोंचे पैसे लावता, हा नकाशा तरी फुकट द्या.

ड्रिल खरी घ्या. अंगावर जॅकेट, हाताने ओढलेला पट्टा, प्रत्येकाची. आणि तिकीट मराठीत विकताय, तर जॅकेट कसं घालायचं तेही मराठीत सांगा. गुजरातीत विकता तर गुजरातीत. आमरसाचं नाव मेनूवर मराठीत छापता येतं, मग 'घाबरू नका, माझ्या मागे या' एवढं सांगायला काय अडतं?

आणि ब्रिजवरच्या सगळ्यात धाकट्या अधिकाऱ्यालाही 'साहेब, फार जवळ होतंय' म्हणायची मुभा द्या, त्याचं पुढचं कंत्राट न कापता. आमच्या खात्यात सूप थंड गेलं तर नवा पोरगाही शेफला सांगू शकतो. खडकाबाबत निदान तेवढं असू द्या.

या चार मागण्यांना उत्तर आलं तर ते मी जसंच्या तसं लोकांसमोर ठेवीन. उत्तर आलं नाही तर तेही सांगीन.

आता थोडं त्या बत्तीबद्दल, कारण फोटो लावलात पण ती बघितली नसेल.

शेवटचं कंत्राट संपलं २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये, चिवितावेक्कियाला. परतीचं विमान दोन दिवस पुढे ढकलून घेतलं. आगगाडीने ओर्बेतेल्लो, तिथून बसने पोर्तो सांतो स्तेफानो, तिथून फेरीबोट, तासाभराची. बोट बंदरात शिरली ती डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी ठेवून, नियमाप्रमाणे. समोर मेदिची घराण्याच्या काळातला गोल बुरूज, मागे रंगीत घरं, आणि ते देऊळ, म्हणजे चर्च, ज्याचं दार त्या रात्री उघडलं गेलं आणि भिजलेली माणसं बाकांवर झोपली. हिवाळ्यात त्या बंदरात काहीशेच माणसं राहतात. त्या रात्री चार हजार उतरली. घराघरातून पांघरुणं, मोजे, गरम दूध निघालं.

बत्ती आमच्या परसातल्या नारळापेक्षा ठेंगणी आहे. लाल रंगाचे पापुद्रे निघालेले, शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या गंजून चॉकलेटी झालेल्या, कठड्याला गळाच्या नायलॉन दोरीचा गुंता. पायथ्याशी एक म्हातारा पावाचे गोळे करून गळाला लावत बसला होता. मला बघून त्याने विचारलं, 'जहाज?' मी मान हलवली. 'कामेरिएरे,' म्हटलं, वेटर. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग सरकून त्याने मला बसायला जागा करून दिली. अंधार पडला तशी डोक्यावरची बत्ती लागली. खाली पाण्यावर लाल ठिपका दिसायचा, जायचा, परत दिसायचा. मासा एकच मिळाला, तोही त्याने परत सोडला.

दर १३ जानेवारीला पावणेदहा वाजता त्या बंदरातल्या बोटी भोंगे वाजवतात, बत्तीस जणांसाठी.

भाच्याला मी सांगितलंय, क्रूझ करायची तर कर, ड्रिल खरी घेतात त्या जहाजाने कर. पण गिल्योला मात्र फेरीबोटीने जा आणि उतर. तिथे हात लांबवायला लागत नाही, बत्तीला पाठ टेकून बसता येतं.

आपला,
रेस्टॉरंट खात्यातला एक निवृत्त माणूस
मालवण